मनावर घेत नाहीत

डॉक्टरांनी यंत्राची जड चुंबकी कॉइल कारभारींच्या डोक्याच्या उजव्या बाजूला टेकवली. खट् आवाज झाला आणि त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा उडाला. पडद्यावरच्या रेघेनं उंच उसळी घेतली.

"आरं, म्या न्हाई हलवला!" कारभारी हसले.

"बरोबर. हा चांगला हात. डोक्यातला निरोप बोटांपर्यंत पोचतो का, तेवढंच बघायचंय. आता दुसरी बाजू."

त्यांची फिजिओथेरपिस्ट आकांक्षा पडद्याजवळ सरकली. जालन्याच्या या दवाखान्यात अभ्यासासाठी यंत्र आल्याचं कळताच तिनंच कारभारींचं नाव दिलं होतं. राजूरला देवळाजवळ त्यांचं पेढ्यांचं दुकान. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, काठी घेऊन चालू लागले. उजवा हात मात्र लाकडासारखाच राहिला. दहा आठवडे ती त्यांच्याकडून व्यायाम करून घेत होती. 'ते मनावर घेत नाहीत,' ती डॉक्टरांना फोनवर म्हणाली होती. 'मशीननं दाखवलं तर घेतील.'

खट्. रेघ सरळच राहिली. डॉक्टरांनी जागा बदलली, जोर वाढवला. खट्. मग यंत्राचा पूर्ण जोर लावला.

"आता मूठ वळायचा प्रयत्न करा, काका."

"मनापासून करा," आकांक्षाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

कारभारींनी दात आवळले. उजवा खांदा कानापर्यंत चढला, मानेची शीर तटतटली, कपाळावर घाम आला. उशीवर ठेवलेला पंजा तसाच पडून होता. रेघही तशीच.

डॉक्टरांनी कॉइल बाजूला ठेवली. "रस्ता डोक्यातच तुटलाय. हे कितीही जोर लावोत, बोटांपर्यंत काही जात नाही. हा हात पुन्हा कामाचा होईल, अशी आशा फार कमी आहे."

"म्हंजी मी करून राह्यलो, पर तिथवर जाऊन न्हाई राह्यलं?"

"हो."

"माझी कसूर न्हाई?"

"बिलकुल नाही."

कारभारी बायकोकडे वळले. निर्दोष सुटलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. "ऐकलं का? मी नाटक करत नव्हतो."

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

आकांक्षा कारभारींच्या मनगटावरच्या यंत्राच्या चिकटपट्ट्या काढू लागली. तीन आठवड्यांपूर्वी, सगळ्या पेशंटसमोर, ती त्यांना म्हणाली होती, "आळस आहे तुमचा, काका. आयतं भरवतात म्हणून हात हलत नाही." आणि तुळजाबाईंना सांगितलं होतं, जेवताना डावा हात बांधा. भरवू नका. भूक लागली की उजवा हलेल. चांगला हात बांधायची ही रीत पुस्तकात होती. पण ज्याची बोटं थोडी तरी हलतात, त्याच्यासाठीच. ती अट तिला पाठ होती.

"घरी काय काय करायला सांगितलं होतं?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता आकांक्षाला विचारलं.

"नेहमीचेच व्यायाम," ती खाली बघत म्हणाली.

तुळजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

बाहेर पडताना कारभारी तिच्यापाशी थांबले. "मॅडम, तुम्ही आणलं म्हणून कळलं बघा. न्हाई तर मलाच वाटू राह्यलं होतं, मी खोटाच हाय का काय."

तिनं त्यांना बळंच कँटीनमध्ये नेलं. इडलीच्या प्लेटी आल्या. कारभारींच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती किती सैल झाली होती, ते तिला आत्ता दिसलं.

त्यांनी खांद्यावरची रुमालाएवढी दस्ती काढून तुळजाबाईंच्या हातात दिली आणि डावा हात पुढे केला. मग थांबले. आकांक्षाकडे बघत म्हणाले,

"आज बांधायचा का, मॅडम?"

टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

"नाही," ती म्हणाली.

तुळजाबाई दस्तीची घडी घालत राहिल्या. "खावा," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या.

कारभारींनी डाव्या हातानं इडली मोडली. डाव्या हातानं खाताना कुणी पाहू नये म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि भराभरा खाऊ लागले, मधेच कुणी प्लेट उचलून नेईल अशा घाईनं.