केवळाबाईचा गुर्दा आणि विठाबाईचं ताक

मी एक जुना गुर्दा आहे. शाळेत तुम्हाला मूत्रपिंड शिकवतात. आमच्या भोकरकडे गुर्दाच म्हणतात. केवळाबाईच्या पाठीत, उजव्या बरगडीच्या आडोशाला ऐंशी वर्षं बसलो आहे. डावीकडे माझा जोडीदार आहे. आमची तोंडभेट कधी झाली नाही.

मित्रांनो, मी संशयी आहे, आणि सांगायला लाजत नाही. निजामाच्या राज्यात करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. तिथला शिपाई प्रत्येक गाडी थांबवायचा, गाठोडं सोडायला लावायचा. माझा धंदा तोच. येणारं रक्त मी अडवतो आणि विचारतो, काय घेऊन चाललास? फरक एवढाच, मला सुट्टी नाही.

मी आम्ल शोधतो. शरीर भाकरीतून ताकद काढतं तेव्हा आम्ल उरतं, चुलीतून धूर निघावा तसं. रक्त मात्र किंचित क्षाराकडेच झुकलेलं लागतं. थोडं ढळलं की काळीजही अडखळतं. म्हणून पहारे तीन. रक्तातला क्षार, पापडखाराचा भाऊबंद, आम्लाला जागच्या जागी दाबतो. फुप्फुसं कर्बवायू बाहेर टाकतात. तो कोंडला की रक्तात आम्ल वाढतं. उरलेलं आम्ल मी लघवीवाटे काढतो आणि नवा क्षार घडवतो. फुप्फुसांचं काम घटकेत होतं, मला दिवस लागतात. कौतुक कुणी केलं नाही. लोक काळजावर हात ठेवून शपथा घेतात. माझ्यावर ठेवून कुणी घेतली?

केवळाबाई तिशीत असतानाची गोष्ट. दिवस वाईट होते. गावात कुणाचा कुणावर विश्वास उरला नव्हता. वाटणीनंतर तिची थोरली जाऊ विठाबाई वर्षभर बोलली नव्हती, आणि एका दुपारी तिनं अचानक ताक पाठवलं. आंबट ताक. दुसऱ्या सकाळी केवळाबाईला हगवण लागली.

घरात शहाणपण एकच: जुलाबात पाणी द्यायचं नाही, दिलं की वाढतं. दुपारपर्यंत अंगातलं पाणी गेलं, सोबत क्षारही वाहून गेला. माझ्याकडे धारेनं येणारं रक्त थेंबाथेंबानं येऊ लागलं. माझं काम बसलं, आम्ल चढलं. खरं सांगतो, मीही त्या ताकावरच शक घेतला.

फुप्फुसं मात्र शक घेत बसली नाहीत. त्यांनी खोल, भराभर श्वास सुरू केला. आम्ल हटवायची तेवढी एकच वाट उघडी होती.

भोकरचा दवाखाना बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. तिच्या नवऱ्यानं, श्रीमंतानं, जवळचा देवऋषी भुजंग आणला.

"धापा ही बाई न्हाई टाकून राहिली," भुजंग म्हणाला. "आतली भानामती हाय. ताक कुणाचं प्याली?"

"विठावैनीचं."

"मग काय इचारता? घोंगडं टाका तोंडावर, मिरच्याची धुरी द्या. दम कोंडला की निघून जाती."

घोंगडं पडलं. उघडी होती ती एक वाटही बंद झाली. मी आतून ओरडत होतो. पण गुर्द्याचं कोण ऐकतं?

तेवढ्यात विठाबाई आली. हातात कालच्याच ताकाचं गाडगं.

"वैनी, म्होरं येऊ नका!" श्रीमंत ओरडला.

"माझ्या ताकात करणी हाय न्हवं? बघ मग." ती उभ्यानं सगळं ताक प्याली आणि गाडगं भुजंगापुढं उपडं केलं. "आता मलाबी झाक. पर आधी तू बस घोंगड्यात, मिरच्या मी टाकते. बघू तुझ्यातली भानामती कवा निघती!"

दारातल्या बाया हसल्या. श्रीमंतानं एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि घोंगडं ओढून फेकलं. केवळाबाईनं श्वास घेतला.

विठाबाईनं भाताची पातळ पेज केली, मीठ घातलं, चमच्याचमच्यानं पाजायला बसली.

"वैनी, वाढंल की हो."

"जातंय तेवढं तरी भरू दे, श्रीमंता. रिकाम्या आडात पोहरा टाकून काय येतंय?"

दिवस कलताना माझ्याकडे पुन्हा रक्त आलं. लघवी झाली तेव्हा विठाबाईनं देवाला हात जोडले. खरं तर ते माझ्यापुढं जोडायला हवे होते, पण असो. नवा क्षार घडवायला पुढं तीन दिवस लागले. श्वास हळूहळू निवला.

हगवण कशाची, ते मला आजही ठाऊक नाही. आडाच्या गढूळ पाण्यावर माझा शक आहे. ताकावर मात्र नाही. आंबट चवीनं रक्त आंबट होत नाही, हे मला, या धंद्यातल्याला, कळायला हवं होतं. बाहेरून कुणी चोर आलाच नव्हता. घरातला क्षार गेला आणि घरचंच आम्ल शिरजोर झालं.

मित्रांनो, संशय जरूर घ्या. पण थेंब न् थेंब तपासा. माणसाचं तोंड झाकून न्याय करू नका. हगवणीत पाणी तोडू नका, आणि धाप लागली तर मांत्रिकाकडे नव्हे, दवाखान्यात न्या.

विठाबाई आता नाही. तिची सून दर वैशाखात केवळाबाईला ताक पाठवते. रक्तात मिसळून ते माझ्यापर्यंत येतं. खोड जात नाही, मी अडवतो, तपासतो. काही सापडत नाही. मग मनातल्या मनात माफी मागतो आणि पुढं सोडतो.