आत राहिलेली लेन्स

दुकानदार केशवरावांनी लेन्स ट्यूबलाइटसमोर धरली, एक डोळा मिटला आणि ती बोटांत हळूहळू फिरवू लागले. सहदेवचं लक्ष लेन्सकडे नव्हतं. तो केशवरावांच्या कपाळाकडे पाहत होता. त्या कपाळावर एखादी आठी पडावी, एवढंच त्याला हवं होतं.

"बुरशी हाय ना?" त्याने विचारलं.

"थांबा जरा."

"असनच. पावसाळाभर कपाटात पडून होती."

शेजारच्या स्टुलावर त्याची बायको पौर्णिमा डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. अमरावतीहून एसटीत बसल्यापासून ती जवळजवळ गप्पच होती. एरवी मूर्तिजापूर येईपर्यंत तिने अख्ख्या गल्लीची खबरबात सांगून संपवली असती. सहदेवला ते जाणवलं होतं, पण विचारायचा धीर झाला नव्हता.

अकोल्याचं हे दुकान आता मोबाइलची कव्हरं विकून तग धरून होतं. जुने कॅमेरे काचेच्या कपाटात मागे सरकले होते. काउंटरवर सहदेवचा रशियन कॅमेरा लेन्स काढून ठेवलेला होता. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून लागल्यावर त्याने तो हौसेने घेतला होता. त्याची लेन्स मोठी आटोपशीर. काम झालं की नळीसकट आत ढकलायची, म्हणजे कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो. फोटो काढताना मात्र ती बाहेर ओढून, जराशी फिरवून अडकवावी लागते. आत राहिली तर सगळे फोटो धुरकट. आणि काढणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण या कॅमेऱ्यात माणूस लेन्समधून बघतच नाही. बघायची खिडकी वेगळी असते. तिच्यातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून बसवल्या की झालं. खिडकीतून सगळं लख्खच दिसत राहतं.

म्हणून सहदेवच्या घरात एक रिवाज पडला होता. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी, किंवा दुसऱ्याच्या हातात देण्याआधी, तो लेन्स ओढायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "ओढली!" समोर उभी असलेली पोरंही तेच ओरडायची. नवा जावई पहिल्यांदा ऐकून बिडी ओढल्याचं समजला होता, आणि त्यावरून त्याची अजूनही टिंगल होते.

एवढं असून नातीच्या, पायलच्या पहिल्या वाढदिवसाचा अख्खा रोल धुरकट आला होता.

"बुरशी नाई जी," केशवराव म्हणाले. "धूळ नाई, ओरखडा नाई. काच एकदम साफ हाय."

सहदेव काउंटरवर पुढे झुकला. "मंग आतली एखादी चकती ढिली झाली असन."

केशवरावांनी लेन्स कॅमेऱ्याला लावली, ओढून अडकवली, मागचं झाकण उघडून तिथे दुधी काचेचा तुकडा धरला. त्यावर समोरच्या दुकानाची पाटी उलटी उमटली. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"लेन्स आतच राहिली असन, सायेब. होते असं."

होते असं. नत्थुजीच्या वेळीही सगळे हेच म्हणाले होते. नत्थुजी सहदेवचा थोरला भाऊ. आधी तो चष्मा विसरायला लागला, मग गॅस बंद करायला, मग बाजारातून घरी यायचा रस्ता. एक दिवस त्याने वाढायला आलेल्या स्वतःच्या बायकोला अदबीने विचारलं, "बाई, तुमी कोन्या गावच्या?" वहिनी हातात पोळी धरून तशीच उभी राहिली. सहदेव तेव्हा शेजारच्याच पाटावर जेवत होता. रोल धुऊन आल्यापासून ती पोळी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. लेन्स खराब निघाली असती, तर त्याने दुकानात पेढे वाटले असते.

"दुसरी दाखवा," तो म्हणाला.

केशवरावांनी फडक्यावर दोन लेन्स मांडल्या. दोन्ही पन्नास मिलिमीटरच्याच. एक आत ढकलायची, जुनीसारखीच. दुसरी बुटकी, जाडसर, जागची न हलणारी.

"ही खिशात मावते. ही दुसरी थोडी पुढं येते, पण हिच्यात ओढाची भानगडच नाई. लावली का तयार."

सहदेवने पहिलीच उचलली. दुसरीला हात लावणं म्हणजे कबुली देणं होतं. "मले ही पाहिजे. जलमभर हीच वापरली." त्याने लेन्स ओढून पाहिली. "एक डाव राहिलं माह्याकडून. मानसाकडून राहत नाई का?"

"तुमच्याकडून नाई राहिलं," पौर्णिमा म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"ते फोटो मी काढले. पायल तुमच्याजवळ होती. तिच्यासंगं माहा फोटो काढ म्हणले, अन् कॅमेरा माह्या गळ्यात अडकवला. मंग रोल संपेपर्यंत मीच काढले."

सहदेव मोठ्याने हसला. अंगावरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं त्याला हलकं वाटलं. "अवं, मंग आधी नाई सांगाचं? मी इकडं जिवाले घोर लावून बसलो!"

पौर्णिमा हसली नाही. तिने पिशवीतून फोटोंचं पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. इतके दिवस या धुक्यात तो फक्त पायलचं तोंड शोधत होता. आता त्याला तिच्या फ्रॉकच्या गुलाबी ठिपक्याला कवेत घेतलेला मोठा मोरपंखी ठिपका दिसला. दुसऱ्या फोटोत तोच. तिसऱ्यातही. त्याने आपल्या बाहीकडे पाहिलं. हा मोरपंखी स्वेटर पौर्णिमाने याच दिवाळीत विणला होता.

कॅमेरा दिल्याचं त्याला आठवत नव्हतं. पायलचं वजनही हाताला आठवत नव्हतं.

"रोल आल्यापासून तुमी म्हणून राहिले, माह्या फोटोले काय झालं," पौर्णिमा हळू आवाजात म्हणाली. "मले वाटे, आज आठवन, उद्या आठवन."

"आठवते ना," तो घाईने म्हणाला. "काहून नाई आठवन? मीच तं देल्ला कॅमेरा तुले. आंगनात."

"देताना काय म्हणले होते?"

या प्रश्नाला विचार करायची गरजच नव्हती. "ओढली, म्हणलो. अजून काय म्हणन मी?"

पौर्णिमाची पिशवीवरची मूठ घट्ट झाली. तो तसं म्हणाला असता, तर लेन्स बाहेर असती, आणि या फोटोंत पायलचं तोंड दिसलं असतं. सहदेवलाही ते कळलं, पण शब्द तोंडातून गेल्यावर.

"हो," ती म्हणाली. "तेच म्हणले."

मग तिने केशवरावांकडे पाहिलं. "भाऊ, ते न ओढाची द्या."

सहदेवने हातातली लेन्स आत ढकलली आणि फडक्यावर ठेवून दिली.