फाटकलोकाचा नंबर

मनिषाच्या फाटकलोकाचा नंबर शेवटचा आला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटचा म्हणजे अगदी शेवटचा, ढेकूणलोकाच्याही खाली. स्वप्नालीनं चहा पिता पिता गंमत म्हणून रचलेल्या त्या ढेकूणलोकात माणसं नव्हतीच, नुसते म्हशीएवढे ढेकूण होते. पण त्यांना एक सूर्य विझवता येत होता. फाटकलोकाला काहीच विझवता येत नव्हतं.

वडवणीच्या अभ्यासिकेत दर रविवारी पोरंपोरी हा खेळ मांडत. प्रत्येकानं आभाळापलीकडचं एक जग रचायचं, तिथलं विज्ञान, तिथली हत्यारं, तिथले राजे सगळं सांगायचं, आणि मग फळ्यावर ताकदीप्रमाणे नंबर लागायचे. पहिल्या नंबराच्या जगाची गोष्ट अभिमन्यूच्या चॅनेलवर जायची. माइक त्याचा, लॅपटॉप त्याचा, म्हणून नंबर लावणाराही तोच. ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्याची मोजपट्टी एकच होती: किती सूर्य विझवता? त्याच्या स्वतःच्या वज्रलोकानं आजवर ढिगानं सूर्य विझवले होते. एवढ्या अंधारात वज्रलोकातली माणसं ज्वारी कशी पिकवतात, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मनिषानं फाटकलोक पावसाळाभर डोक्यात घोळवला होता. त्यात हत्यार नाही आणि राजा कधी दिसत नाही. दोन जगांमधल्या पडद्याला भोक पाडणारं एक यंत्र आहे, आणि त्या भोकावर एक फाटक. दिवाळी झाली की ते उघडतं. मग सगळ्या जगांतली माणसं गाठोडी बांधतात आणि आपल्या पायांनी आत जातात. आत दोन माणसं मिळून एक मोजतात. उन्हाळ्यात फाटक त्यांना परत सोडतं, तेव्हा प्रत्येकातलं काहीतरी आतच राहिलेलं असतं. कोणाचा आवाज राहतो, कोणाची कंबर.

"ह्याच्यात ताकद कुठाय?" अभिमन्यूनं विचारलं.

"लोकं आपल्या पायानं जातेत, ही ताकद न्हाई का? तुझ्या वज्रलोकाला भांडावं लागतंय. माझ्या फाटकाला नुसतं उघडावं लागतंय."

"मग जातेत कावून? येडी हायेत का?"

"मागच्या साली गेलते म्हणून."

पोरं हसली. अभिमन्यू हसला नाही. तो त्रिंबक मुकादमाचा पोरगा. दर वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरात भरून कारखान्यावर नेणाऱ्या मुकादमाच्या पोराला हे फाटक ओळखू येणार नाही, इतका तो खुळा नव्हता.

"तू आमच्या बापाची बदनामी करायलीस," तो म्हणाला. "सायन्स फिक्शन हाय का हे?"

"मी तुझ्या बापाचं नाव घेतलं का? तूच घ्यायलास!"

त्यानं फळ्यावर खडू आपटत लिहिलं: फाटकलोक, सूर्य शून्य. मनिषा दप्तर उचलून निघाली. स्वप्नाली मागून हाका मारत राहिली, पण तिनं वळून पाहिलं नाही.

राग नंबराचा होता, पण नुसता नंबराचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच दारात त्रिंबकचा ट्रॅक्टर येणार होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. गेल्या हंगामात तिची आई भिवराबाई हिच्या कंबरेनं दगा दिला होता, आणि तरी बाप आश्रुबा मुकादमाला पुरा कोयता सांगून बसला होता. म्हणजे आईच्या जागी मनिषा. हिवाळ्यात तिची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा होती. एकदा टोळीत गेलेली पोरगी परत कॉलेजात आलेली तिच्या गल्लीनं पाहिली नव्हती. तिला कोणी विचारलं नव्हतं हे खरं, पण तीही तोंड उघडून नाही म्हणाली नव्हती. परक्या जगांविषयी तावातावानं बोलणारी ही पोरगी घरात मूग गिळून बसली होती, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत जोड्या बसलेल्या, भांडी, कोंबड्या, लेकरं. पुढं त्रिंबक, आणि ट्रॉलीत सामान लावायला अभिमन्यू.

"मी न्हाई येणार, आप्पा," मनिषा बापाला म्हणाली. आवाज फाटला, पण शब्द बाहेर पडले.

त्रिंबकच मध्ये बोलला. "आश्रुबा, तू पुरा कोयता बोललता. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोण इचारतंय? ऐन वक्ताला कुठून माणूस आणू मी?"

कोणी काही बोलायच्या आत भिवराबाई उठली. तिनं डोक्याला फडकं बांधलं, मनिषासाठी बांधून ठेवलेलं गाठोडं काखेत मारलं आणि ट्रॉलीचा काठ धरला. पाय काही वर उचलेना. तिनं ओठ दाबून पुन्हा उचलून पाहिला.

"या काकू, द्या हात," अभिमन्यू वरून वाकून म्हणाला. अगदी आदरानं.

त्या आदरानंच मनिषाचं डोकं फिरलं. "हात सोड तिचा! सोड म्हणते ना! तिला खाली बसून उठाया येत न्हाई, अन् तू तिला वर घ्यायलास? शरम हाय का न्हाई?" अभिमन्यूनं हात सोडला आणि तो उगाच एक पातेलं सरकवू लागला.

"अन् तू कावून चढायलीस, माय?" ती आईवर उलटली. "तुला कोण म्हणलं?"

"तुझी परीक्षा हाय म्हणून," भिवराबाई तितक्याच रागानं म्हणाली.

आश्रुबानं बायकोच्या काखेतलं गाठोडं ओढून घेतलं आणि ओसरीवर ठेवलं. "मुकादम, अर्धा कोयता लावा," तो म्हणाला. "तोडीन मी अन् मोळ्याबी मीच बांधीन."

"तुला झेपंल व्हय रे, ह्या वयात?"

"नेयचं तर न्या, न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

त्रिंबकनं चरफडत हात हलवला. आश्रुबा चढला. सगळ्या जोड्यांच्या मध्ये एकटाच बसला आणि त्यानं मान दुसरीकडं फिरवली. त्यानं शिवी द्यावी, काहीतरी बोलावं, निदान एकदा वळून पाहावं असं मनिषाला वाटलं. ट्रॅक्टर फाट्याच्या वळणापर्यंत गेला तरी त्यानं पाहिलं नाही. ती रडू लागली. आता रागावायला समोर कोणीच उरलं नव्हतं.

"रडू नको!" भिवराबाई कडाडली. कंबरेवर हात दाबून ती भिंतीला टेकली होती. "दोघांचं काम एकटा करायला गेलाय तुझा बाप. आता नापास होऊन दाखव, मग मी हाय अन् तू हाय. जा, दप्तर घे. कॉलेजाला उशीर व्हायलाय."