काऊन नावाची फाईल

त्या फाईलचं नाव मी अडीच-तीन वर्षं चुकीचं वाचत होते. के, ए, यू, एन. नावं इंग्रजी अक्षरांत लिहावी लागत, तीही आठ अक्षरांच्या आत. मी वाचत असे ‘कौन’. वर्ध्यात अर्धं बोलणं हिंदीतच चालायचं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काम करणाऱ्याचं नाव विचारणारी फाईल असेल, एवढंच मी समजले. ती माझी नव्हती, प्रेमदासची होती. मी कधी तिच्यात डोकावले नाही.

सत्त्याऐंशी साल. जिल्ह्यातल्या लहान मुलांच्या लसीकरणाच्या याद्या ठेवणारी एक संस्था होती, तिच्यात आम्ही दोघं प्रोग्राम लिहीत होतो. एकच यंत्र, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. चपला दाराबाहेर, कूलर यंत्राकडे तोंड करून आणि आम्ही घामात. समोरच्या टेबलावर आमचे साहेब, वासुदेवराव. त्यांना प्रोग्राम कळत नसे, पण शिस्त कळायची.

प्रेमदास वडनेरचा, बौद्ध घरातला. फायलींना तो आपल्या बोलीतली नावं द्यायचा. माहिती घेणारी ‘घेजो’, यादी दाखवणारी ‘पाह्य’. वासुदेवराव कपाळाला हात लावायचे.

“अरे, मुंबईचे लोक पाहतील तं काय म्हणतील?”

“म्हणतील का वर्ध्याचे लोक मशीनले बी आपली भाषा शिकवून राह्यले,” तो म्हणायचा.

प्रोग्राममध्ये ज्या ओळीच्या सुरुवातीला तारा असतो ती ओळ यंत्र वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. ती माणसांसाठी असते, पुढच्याला खुणा कळाव्यात म्हणून. एकदा त्याच्या फाईलमध्ये मला अशी ओळ दिसली : आज डब्यात काय आणलं? मी खाली तारा देऊन लिहिलं : वांग्याची भाजी, तुले नाई भेटणार. तिथून सुरू झालं. समोर साहेब बसलेले, मधे यंत्र, आणि आमचं सगळं बोलणं ताऱ्यांच्या ओळींत. पत्र लिहिणं शक्य नव्हतं. पिपरी मेघेच्या आमच्या घरी आलेलं प्रत्येक पाकीट आधी अण्णाजी, म्हणजे माझे वडील, फोडत. प्रेमदास एकदा कागद द्यायला घरी आला होता. तो गेल्यावर त्याचा चहाचा कप आईने वेगळा काढून खिडकीत ठेवला. तो कप तिथेच राहिला. मी धुऊन फडताळात ठेवला की दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीत.

मार्चमध्ये त्याने एका ओळीत विचारलं : आईले घेऊन येऊ का तुमच्या घरी? मी खिडकीतल्या कपाकडे पाहून आलेली होते. लिहिलं : घरी येऊ नको. कुठं आणि कधी निघायचं ते सांग, मी येते.

त्याच आठवड्यात अण्णाजी जेवताना म्हणाले, “आर्वीचे लोक रविवारी दहा वाजता येऊन राह्यले तुले पाह्यले. रंग देऊन, पक्कं करूनच जाणार हायेत ते. हापिसात सोमवारचीही सुट्टी सांगून ठेवजो.”

मी ताऱ्याच्या ओळीत त्याला कळवलं. आता त्याच्या उत्तराची वाट होती.

शुक्रवारी आमचा प्रोग्राम पहिल्यांदा बाहेर जाणार होता, हिंगणघाटला आणि तळेगावला. तिथल्या यंत्रांवर फक्त फ्लॉपी चालत. प्रोग्राम आणि तिथली यादी, दोन्ही एकाच फ्लॉपीत मावायला हवं होतं आणि मावत नव्हतं. वासुदेवरावांनी हुकूम सोडला : साफसफाई करा. कोणती फाईल कोणत्या फाईलला बोलावते त्याची यादी करा. जिला कोणीच बोलावत नाही ती काढून टाका.

यादी आम्ही दोघांनी गुरुवारी केली, भोकं पाडलेल्या लांब कागदाच्या मागच्या बाजूला. ज्यांना कोणी बोलावत नव्हतं त्यांच्यावर लाल फुली. अशा नऊ निघाल्या. त्यांत ‘कौन’ होती. जागा खाते म्हणून प्रेमदासनेच तिला बोलावणारी ओळ महिन्यापूर्वी काढली होती.

शुक्रवारी सकाळी तो माझ्या आधीच येऊन काम करत होता. अकराला हिंगणघाटची जीप आली. त्या नऊ फायली वगळून काढलेली तिथली प्रत त्याने घेतली. वासुदेवराव त्याच्यासोबत जीपपर्यंत गेले, मी दारात. जीपमध्ये बसता बसता तो माझ्याकडे वळला.

“कोकिळाबाई, काऊन पाहून घेजा. मंग मिटवजा.”

“हो,” मी म्हणाले.

आमच्याकडे काऊन म्हणजे का, कशासाठी. मला वाटलं, कोणती फाईल का काढायची ते नीट पाहा, असं सांगतोय. त्याची ती जुनी सवयच होती. उघडल्याशिवाय एकही फाईल मिटवायची नाही, हा नियम त्याचाच.

तळेगावची जीप चारला निघणार होती. मी बसले. यंत्राने एका वेळी किती फायली उघड्या ठेवायच्या ते एका फाईलमध्ये सांगावं लागे, तिथे दहाचे वीस केले. मग कामाच्या फायली एकेक करून उघडल्या. जुन्या ताऱ्याच्या ओळी काढायच्या होत्या, म्हणून. पण खरं तर मी त्याचं उत्तर शोधत होते. ‘घेजो’ पाहिली. ‘पाह्य’ दोनदा पाहिली. डबा, चहा, साहेबांचं घोरणं, सगळं होतं. ते माझ्या हाताने काढत गेले. रविवारबद्दल एक अक्षर नव्हतं.

पावणेचारला बाहेर हॉर्न वाजला. वासुदेवराव दारातून ओरडले, “कोकिळा, झालं का नाई? डायवर शिव्या देऊन राह्यला.”

लाल फुलीच्या नऊ फायली राहिल्या होत्या. ज्यांना कोणी बोलावतच नाही, त्यांत कोण काय लिहिणार? न उघडता नवाच्या नऊ मिटवल्या. तळेगावसाठी प्रत काढली, मूळ फ्लॉपीच्या खाचेवर चंदेरी पट्टी चिकटवली, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही लिहिलं जाऊ नये, आणि ती कपाटात ठेवली.

शनिवारी काही कळलं नाही. रविवारी दहाला आर्वीचे लोक आले. मी पोहे नेऊन दिले.

मंगळवारी कामावर गेले तर टेबलावर प्रेमदासचा राजीनामा. भोपाळला नोकरी लागली, एवढंच लिहिलेलं.

वासुदेवराव म्हणाले, “मले परवा स्टँडवर दिसला ना. नवा शर्ट, हातात बॅग. सकाळी भाजी घ्यायले गेलतो तवाही होता, दुपारी साळ्याले गाडीत बसवाले गेलो तवाही तिथंच. म्हटलं, काऊन रे उभा? तं हासला नुसता.”

मला वाटलं, भोपाळच्या गाडीसाठी उभा असेल. जाताना मला सांगावंसंही त्याला वाटलं नाही. त्या रागात मी जेठ महिन्यात आर्वीची सून झाले. नवऱ्याची बदली वर्ध्यालाच होती, नोकरी सुटली नाही. माणूस वाईट नव्हता, हे इथं लिहून ठेवते.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर तळेगावची सगळी यादी कोणाच्या तरी हातून मिटली. नागपूरहून गुलाब नावाचा दुरुस्ती करणारा आला. त्याच्याजवळ मिटलेलं परत आणणारा प्रोग्राम होता.

“मॅडम, मिटवली म्हंजे गेली थोडीच,” तो म्हणाला. “मशीन फक्त नावातलं पह्यलं अक्षर खाते. बाकी सगळं तिथंच पडून राह्यते, कोणी वरून लिहीपर्यंत.”

यादी परत आली. नवी प्रत काढायला त्याने कपाटातली मूळ फ्लॉपी मागितली आणि सवयीने तिच्यावरही तो प्रोग्राम चालवला. पडद्यावर नऊ नावं आली, प्रत्येकाचं पहिलं अक्षर गेलेलं. तिसऱ्या ओळीत एक प्रश्नचिन्ह आणि पुढे ए, यू, एन.

“हिचं पह्यलं अक्षर काय होतं?”

“के,” मी म्हणाले. “कौन.”

त्याने के दाबला. फाईल उघडली. वर ताऱ्याची जुनी ओळ होती : मशीन काऊन अडली ते इथं लिहिलं जाते. त्याखाली आणखी तीन तारे.

रविवार, आठची नागपूर गाडी. मी स्टँडवर राहीन.

आईले सांगतलं, ती खुश हाय.

आली नाई तं समजून घेईन. मंग कधी विचारणार नाई.

मी पडद्यावर परत वर, नावापाशी गेले आणि ती चार अक्षरं पुन्हा वाचली. काऊन पाहून घेजा. जीपमध्ये एक पाय ठेवून, साहेबांच्या देखत, त्याने मला फाईलचं नाव सांगितलं होतं. आणि मी हो म्हणाले होते.

“कामाची हाय का मॅडम, का जाऊ देऊ?” गुलाबने विचारलं.

“ठेवा. वेगळ्या फ्लॉपीवर.”

त्याने कोरी फ्लॉपी काढली, चिठ्ठी चिकटवली आणि पेन घेऊन, फाईलचं नाव मोठ्याने वाचत लिहायला लागला. “कौन...”

“नाई,” मी म्हणाले. “काऊन.”