न बोळवलेली बाई

आमचे मालक, म्हणजे सर्जेराव, पोराला मोटारीत घालून मला खरं न सांगता लोणी काळभोरला गेले, तेव्हा मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. "जरा मोकळ्या हवेत फिरवून आणतो," म्हणाले. आले ते दुपार कलल्यावर. सार्थकनं सदरा वर केला आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं. डाव्या कुशीपासून बेंबीपर्यंत पाण्यानं भरलेल्या फोडांचा पट्टा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना गेरूची जाड लाल रेघ ओढलेली.

"नागीण हाय," मालक म्हणाले. "लोणीच्या कोंडीराम वैदूनं तोंड आन् शेपूट बांधून टाकलंय. आता काय भ्यायचं कारण न्हाय."

नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती एकमेकांना मिळालं की माणूस जातो, असं आमच्या मांजरी गावात अजून मानतात. माझ्या सासऱ्यांनाही झाली होती. त्यांनाही गेरूच लावला आणि पुढं म्हातारा नव्वदीपर्यंत सगळ्यांना शिव्या घालत ठणठणीत जगला. पण सासऱ्यांच्या अंगात रक्त सासऱ्यांचं होतं. माझ्या पोराच्या अंगात त्याचं स्वतःचं रक्तच नव्हतं.

हे जरा नीट सांगते. सार्थक हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. जिथं आमच्या सोयऱ्यांचा ऊस होता, तिथंच आता काचेच्या इमारतीत बसून तो अमेरिकेचं काम करायचा. सगळं सुरळीत चाललेलं, आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी जालीम औषधं देऊन हाडात रक्त बनवणारं जे काही असतं ते पार जाळून टाकलं आणि त्या जागी थोरल्या बहिणीच्या, आमच्या ऋतुजाच्या पेशी घातल्या. घातल्या म्हणजे काय, एक पिशवी सलाइनसारखी टांगली. टमाट्याच्या सारासारखी दिसत होती. मला वाटलं, एवढंसं? पण महिन्याभरात त्या पेशी बरोब्बर हाडांत जाऊन बसल्या. कुणी वाट दाखवली त्यांना, देव जाणे! पुढं पुढं तर पोराचा रक्तगटसुद्धा बदलला. जन्मला बी गट घेऊन, आता बहिणीसारखा ओ.

"भाड्यानं दिलंय हां, जपून वापर," ऋतुजा त्याला म्हणायची. ही पोरगी हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर आहे, पण जिभेला हाड नाही. माझ्यावर गेलीय, दुसरं काय!

पण बहिणीच्या पेशी झाल्या तरी भावाच्या अंगात त्या परक्याच. त्यांनी उलटून त्याच्याच अंगावर धावून जाऊ नये म्हणून त्यांना आवरून धरणाऱ्या गोळ्या चालू होत्या. म्हणजे घराला राखण होती, पण राखणदाराचे हात बांधलेले. अशा पोराच्या उघड्या फोडांवर यांनी गेरू फासून आणला होता! मी जे तोंड सोडलं ते इस्पितळाच्या दारापर्यंत बंद केलं नाही.

डॉक्टर भाग्यश्री ढोमणे म्हणजे परभणीकडची शांत बाई. तिनं गेरू हळूहळू पुसून काढला आणि मालकांकडं न बघताच म्हणाली, "काका, शेण तेवढं राहिलं." मग तिला सार्थकच्या छातीवर दोन फोड दिसले, एक कानामागं दिसला, आणि तिचा चेहरा उतरला. नागीण एका बाजूला पट्ट्यात राहिली तर ठीक. ही अंगभर निघाली होती. अशीच फुप्फुसात उतरली तर पोरगा हातचा जाईल, असं तिनं मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं.

नर्स सलाइन घेऊन आली तर मालक आडवे आले. "नागिणीवर सुई टोचत नसत्यात. हीबी देवीच, बाई कोपती."

"अहो, सहा महिने पोराच्या अंगाची चाळण झाली, तेव्हा कुठं होती तुमची बाई?" मी म्हटलं. "व्हा बाजूला, नाहीतर मीच कोपते."

ते बाजूला झाले. पण कोपऱ्यात उभं राहून, पोराच्या चपला छातीशी धरून, देवीला नवस पुटपुटत होते. खरं सांगते, माझा राग तिथंच निम्मा झाला. भ्यालेला बाप काहीही करतो.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईनं आम्हाला समोर बसवलं. ती म्हणाली, "सलाइनमधलं औषध विषाणूला वाढू देत नाही. पण त्याचा बंदोबस्त शेवटी पेशींनाच करावा लागतो. त्यांचे हात आपण बांधलेत. मी ते थोडे मोकळे करणार आहे."

"आणि त्या सार्थकवरच उलटल्या तर?" ऋतुजानं विचारलं.

"उलटू शकतात. कातडी, आतडी, यकृत, कुठंही. म्हणूनच एवढे दिवस आवरून धरल्या होत्या."

ऋतुजा बाहेर आल्यावर बाकावर बसली आणि माझा पदर धरून लहानपणी रडायची तशी रडली. "आई, माझ्या पेशी माझ्यासारख्याच भांडखोर असणार गं. मीच त्याला मारलं तर?"

मी म्हटलं, "भांडलीस जन्मभर, पण त्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर पहिली तूच धावायचीस."

गोळ्या कमी केल्या. पोरगा तापानं फणफणला. काचेपलीकडं तो निजलेला आणि अलीकडं आम्ही तिघं. डॉक्टरीणबाई येऊन रोज आधी त्याचे तळहात बघायची, कारण बहिणीच्या पेशी उलटल्या तर लाली तिथं आधी दिसते म्हणे. मीही काचेतून त्याला हात वर करायला लावून बघायचे. तळहात पांढरेच होते. आणि एका सकाळी छातीवरच्या फोडांवर खपली धरली. मग कमरेवरच्या. ताप उतरला, खोकला झालाच नाही, आणि पोरानं भूक लागली म्हणून सांगितलं.

डॉक्टरीणबाईनं आम्हाला तिच्या खोलीत बोलावलं. कॉम्प्युटरवर एक वर चढत गेलेली रेघ दाखवली. ही म्हणे या एकाच विषाणूला ओळखणाऱ्या पेशींची. "काकू, या सगळ्या ऋतुजाच्या आहेत. आधी मूठभर असतील. आता बघा, फौज झालीय. आणि भावाला धक्का लावलेला नाही."

"पण त्यांनी ओळखलं कसं?" मी विचारलं.

"तपासणीत दिसलं होतं की हिला लहानपणी कांजिण्या झाल्यात. नागीण आणि कांजिण्यांचा विषाणू एकच. कधी झाल्या होत्या हिला?"

मला सगळं लख्ख आठवलं. ऋतुजा शाळेतून कांजिण्या घेऊन आली. आमच्यात कांजिण्या आल्या म्हणत नाहीत, बाई आल्या म्हणतात. दाराला कडुलिंब बांधला, घरात फोडणी बंद. सासूबाईंनी पोरीला आतल्या खोलीत वेगळं निजवलं. पण हा सार्थक, एवढंसं पोरगं, ताई ताई करत तिच्या गोधडीत घुसला. सासूबाई ओरडल्या. मी म्हटलं, राहू दे, दोघांचं एकदाच उरकेल. आठवड्या-दोन आठवड्यांत त्यालाही आल्या.

ते ऐकून डॉक्टरीणबाई खुर्चीत मागं टेकली. "म्हणजे सार्थकला लागण हिच्याकडूनच झाली. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही. पाठीच्या कण्याजवळ नसांमध्ये निजून राहतो. इतकी वर्षं तिथंच होता."

आई गं! आमचा ऊस गेला, तिथं टॉवर उभे राहिले, पोरगा शिकला, नोकरीला लागला, आणि ते तेवढंसं त्याच्या पाठीत गपचूप निजलेलं! आणि ज्यांनी त्याला ओळखलं त्याही तिच्याच पेशी. त्याच गोधडीतल्या.

"पण पेशी मरत असतील ना? एवढी वर्षं कशा टिकतील?" मी विचारलं.

"मरतात ना, काकू. पण मरायच्या आधी पुढच्यांना शिकवून जातात."

मी ऋतुजाच्या हाताकडं बघत बसले. त्या हातात इतक्या वर्षांचं राखून ठेवलेलं होतं आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. काटाही तिचाच होता आणि काटा काढणारीही तीच निघाली.

सार्थक घरी आला त्या दिवशी मालकांनी स्वतः दहीभात कालवला. बाई उतरल्या की आमच्यात कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घालतात, दहीभाताचा नैवेद्य वेशीबाहेर नेऊन ठेवतात आणि मागं वळून न बघता परत येतात. तशी बाईची बोळवण होते. मी यावेळी तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, करू दे, त्यानं काही बिघडत नाही.

ताट घेऊन ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि थबकले. मग वळले.

"हिला घालवायची कशी?" ते म्हणाले. "ही तर त्याच्या अंगात ऱ्हायला आलीया."

आणि ताट त्यांनी ऋतुजाच्या पुढं ठेवलं. या माणसानं उभ्या जन्मात गावच्या पाटलापुढं मान वाकवली नाही. त्यांनी लेकीपुढं हात जोडले.

"अण्णा, काहीतरीच काय!" ऋतुजा चांगलीच ओशाळली. मग घास घेऊन म्हणाली, "मीठ विसरलात."

सार्थकनं लांबून हात पुढं केला. त्याला अजून दही वर्ज्य होतं.

"गप बस," ती त्याला म्हणाली. "मी खाल्लं काय नि तू खाल्लंस काय. रक्त एकच आहे."

आणि डोळे पुसत पुसत तिनं सगळं ताट चाटूनपुसून संपवलं.