हिऱ्याची बांधलेली शेपटी

गोठ्याच्या दारातच सिंधूकाकूंचा पारा चढला. आज पोळा. जैनाबादच्या मिरवणुकीसाठी त्यांच्या धाकट्या दिरानं, गिरधरनं, हिऱ्या बैलाला सकाळपासून नटवलं होतं. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर आरशांची झूल. आणि शेपटी? तिची वेणी घालून, वर वळवून, झुलीला गच्च बांधून टाकलेली!

"हे काय करून ठेवलंय, भाऊजी?"

"गेल्या साली यानं शेणाची शेपटी मारून झूल खराब केली, वहिनी. हातातला पहिला नंबर गेला. यंदा चान्सच नाही द्यायचा."

"अन् मांडीची जखम?"

तारेच्या कुंपणानं फाटलेल्या त्या मांडीला काकू रोज हळद-तेल लावत होत्या. आत्ता कुठे खपली धरली होती. तिच्यावर माशा घोंघावत होत्या आणि बिचारा हिऱ्या नुसता पाय आपटत होता. वर गल्लीतली पोरं खिदळत होती!

"काकू, देखो ना, हिऱ्या डान्स करतोय!" शेजारची कोमल टाळ्या पिटत म्हणाली.

"डान्स? अगं बये, जीव चाललाय त्याचा! इकडे या सगळे. शेपटी म्हणजे काय शोभेचा गोंडा वाटला तुम्हाला? खारुताई विजेच्या तारेवरून पळते, तिचा तोल कोण सांभाळतं? शेपटी! पालीला मांजरानं गाठलं की ती शेपटी तोडून टाकते. मांजर बसतं त्या वळवळत्या तुकड्याकडे बघत, अन् पाल पसार. तापीतला मासा शेपटी मारतो तेव्हा कुठे पुढे सरकतो. कुत्रा खूश झाला की शेपटी हलवतो, भ्याला की पायात घालतो. अन् बैल? त्याला हात आहेत का रे माशा हाकलायला?"

पोरं हिऱ्याच्या जखमेकडे बघायला लागली. गिरधर मात्र वैतागला.

"पोरांची शाळा नंतर भरवा, वहिनी. मिरवणूक होईपर्यंतच तर आहे. तेवढं सोसेल तो."

"सोसेल म्हणता? बरं."

काकू तरातरा आत गेल्या आणि हिऱ्यासाठी केलेल्या पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आल्या. ते त्यांनी गिरधरच्या हातात दिलं.

"दोन्ही हातांनी धरा. नैवेद्य आहे, खाली ठेवायचा नाही."

गुळाच्या वासावर माशा आल्याच. एक गिरधरच्या नाकावर बसली, दुसरी ओठाच्या कोपऱ्यात. त्यानं फू फू केलं, मान झटकली. तिसरी कानात शिरायला लागली तसा तो जागच्या जागी पाय आपटायला लागला.

"काकू, गिरधरकाका पण डान्स करतात!" कोमल ओरडली.

सगळी पोरं हसली. काकू हसल्या नाहीत.

"सोसा की, भाऊजी. मिरवणूक होईपर्यंतच."

गिरधरनं हिऱ्याकडे पाहिलं. खपली निघून मांडीवर रक्त आलं होतं. ताट त्यानं कोमलच्या हातात दिलं, वेणीची गाठ सोडली आणि आरशांची झूलसुद्धा स्वतःच्या हातानं उतरवून ठेवली.

मोकळ्या शेपटीचा पहिला फटका माशांवर बसला. दुसरा शेणासकट गिरधरच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"मार रे माझ्या राजा," काकू म्हणाल्या, "अजून एक मार!"