कस्तुराचं माकडशिंग

माकडशिंग म्हणजे बघायला गेलं तर काहीच नाही. पान नाही, काटा नाही, खडकाच्या फटीत उभ्या हिरव्या मांसल कांड्या. चिखलीच्या माळावर एके काळी वाटेल तेवढं होतं. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी मीठ लावून ते मुळासकट फस्त केलं. उरला एकच गड्डा, चतुराबाईच्या कस्तुराला पुरलं त्या जागेवरचा. पोरीला आवडायचं म्हणून आईनंच लावलेला. तो कोण उपटणार? भुकेलासुद्धा लाज असते हो!

कस्तुरा त्याच साली हगवणीनं गेली. एवढीशी पोर, "आये, पानी" म्हणून टाहो फोडत होती, आणि शेजारची सरूबाई बजावत होती, "थेंब दिऊ नगंस, जुलाब वाढत्याल." तेव्हा सगळे असंच सांगायचे. चतुराबाईनं काळजावर दगड ठेवून हंडा उंच फळीवर ठेवला. पुढे कधीतरी दवाखान्यातल्या नर्सबाई बोलून गेल्या, अशा वेळी पाणीच पाजायचं असतं. त्या दिवसापासून चतुराबाईला पाण्याचा घोट नीट गिळता आला नाही.

मग बऱ्याच वर्षांनी माळावर कंपनीची शेड उभी राहायची म्हणून डोझर आले. नवरा भीमराज शिफ्ट सुटल्यावर तडक तिकडे गेला आणि तो गड्डा मातीसकट घमेल्यात घालून घेऊन आला.

"एवढंच ऱ्हायलंय बघ तिचं," तो म्हणाला. बाकी सगळं माळाबरोबर सपाट झालं होतं.

नव्या खोलीच्या दारात नळ होता. चतुराबाईनं डालड्याच्या डब्यात गड्डा लावला आणि पाणी घातलं. सकाळी घातलं, दुपारी घातलं, निजताना घातलं. "पी गं माजी बाय, पोटभर पी."

"आगं, माळावरचं झाड ते," भीमराज एकदा भीत भीत म्हणाला, "त्याला एवढं पानी सोसायचं न्हाई."

"तुमी बी सरूबाईवानी बोलाया लागला व्हय?" ती कडाडली.

कांड्या पिवळ्या पडल्या. तिला वाटलं, तहान भागत नाही. तिनं आणखी घातलं. एका सकाळी हात लावला तर सगळा गड्डा लिबलिबीत होऊन हातात आला. मुळं कुजून गेली होती.

तिचा हंबरडा ऐकून सरूबाई काठी टेकत आली. आता तीही थकली होती. "काय झालं गं चतुरा?"

चतुराबाईनं चिखलानं भरलेली ओंजळ तिच्यापुढे धरली.

"या खेपंला पानी दिलं गं, सरूबाई. तरी बी गेली."